आडनावाच्या गावी

डोंबिवलीत बेलच्या बटणाखाली जे नाव आहे
त्या नावाचं गाव पाहायला
बावन्नाव्या वर्षी गेले. एकटीच.
गाडी लावायचे पन्नास रुपये.
पावती फाडणाऱ्या पोरानं विचारलं, कुठनं आलात?
म्हटलं, चौलकर.
तो म्हणाला, ते आडनाव झालं.
आलात कुठनं?

रेवदंड्याच्या तटाच्या आत आता वाड्या आहेत.
सुपारीला पाणी सोडलेलं,
कोरीव ढालीच्या दगडावर कुणाची तरी बनियन वाळत.
सातखणीचे खण मोजले, चारच भरले.
उरलेले तीन कुठे गेले विचारायला
तिथं एक म्हैस होती.

धक्क्यावर धनुबाय कोळीण
टोपलीच्या काठावर तळहात आपटत
लिलाव पुकारत होती.
गर्दी ओसरल्यावर मी जवळ गेले.
तुम्ही मूळच्या इथल्याच ना?
ती हसली, पान थुंकली.
"मूल झारांना असतंय, बाय. आमाना होरी."
आणि हे तट बांधणारे?
"ते? काल आलं, काल गेलं.
बोंबील देऊ का?"

लिलाव हा शब्द त्यांचाच,
गलबतातून उतरलेला,
हे मी कुठंतरी वाचलं होतं. तिला सांगितलं नाही.
दोर वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिला
की विणणाऱ्याचा राहत नाही.
अर्धा किलो बोंबील घेतले, सुटे पैसे नव्हते,
ती म्हणाली, परत येशील तवा दे.
जशी काही मी येणारच होते.

खाडीवरचा पूल ओलांडला.
कोर्लईत बर्ता मार्तीस दारात बसून
तांदळातले खडे वेचत होती.
अंगणात दोन मुलं भांडत होती.
भांडण कळलं, भाषा कळली नाही.

"आमची आहे," ती म्हणाली. "लिहीत नाही कुणी.
शाळा मराठीत, मिस्सा मराठीत,
हिशेबसुद्धा.
पण कोंबड्यांना दुसरी येत नाही,
म्हणून टिकली."

मग तांदूळ पाखडत, मान वर न करता :
"जहाजातून सगळे बाप्येच आले.
बायका कोण घेऊन येतंय एवढ्या लांबनं?
तेव्हा आमची पहिली आई इथलीच. या वाळूवरची.
आपण होऊन गेली की ओढून नेली,
ते कुणी सांगत नाही.
तिचं नावही नाही.
मार्तीस तेवढं राहिलं."

सूप थांबलं.
"तुम्ही चौलकर म्हणजे चौलच्याच?"

तेव्हा सांगावं लागलं.
मी माण तालुक्यातली.
चोवीस वर्षांची होईपर्यंत समुद्र बघितला नव्हता.
हे आडनाव मला लग्नात मिळालं,
सोबत एक स्टीलचा डबा आणि मासे साफ करायची सुरी.
ज्यांचं होतं तेही इथं कधी आले नाहीत.
जाऊ, म्हणायचे. पावसाळा संपू दे.
मग डायलिसिस सुरू झालं,
आणि पावसाळे आपापले संपत राहिले.

बर्ता काही बोलली नाही.
आत गेली, तांब्याभर पाणी आणलं.
पाणी किंचित मचूळ होतं.
मी सगळं प्यायले.

निघताना बघते तर
गाडीच्या उघड्या दारातून कोंबडी आत,
पुढच्या सीटवर, त्यांच्या जागेवर,
पंख फुगवून बसलेली.
मी हाकललं. मराठीत, मग माणदेशी शिवी घालून.
तिनं डोळा फक्त मिटून उघडला.

दारातून बर्तानं एकच शब्द टाकला,
कुठल्या शतकातला देव जाणे.

कोंबडी मुकाट उतरली.
आणि मीही, का कुणास ठाऊक,
दोन पावलं बाजूला सरले.